देवावर रागावलं तर चालतं का?

प्रश्न : ताई, सलाम. मी मिरजेची. मिस्टर सांगलीला मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, मागच्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या, आता आठवड्यातनं दोनदा डायलिसिस, घर माझ्या शिवणकामावर चाललंय. लहानपणापासून संडे स्कूल, उपासना कधी चुकवली नाही, पण आता प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाही, नुसता देवाचा राग येतो. चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या तुझा विश्वास कमी पडतोय, घरात काहीतरी पाप असणार. बाहेरगावचे एक प्रचारक आलेले, ते म्हणाले औषधं सोडा आणि उपास धरा. रात्र रात्र झोप नाही. बळ कुठनं आणू?
– एक भगिनी

उत्तर : सलाम बाई. आधी त्या प्रचारकांचं बघू, कारण बाकीचं थांबू शकतं, हे नाही. डायलिसिसची एकही पाळी चुकवायची नाही, गोळ्या डॉक्टर सांगतील तशाच, आणि उपास तर अजिबात नको. लूककाका, ज्यांचं शुभवर्तमान आपण वाचतो, त्यांना पौलानं 'प्रिय वैद्य' म्हटलंय, आणि तुमच्या मिरजेतच मिशनऱ्यांनी दवाखाना काढला त्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली, औषध घेणं म्हणजे अविश्वास असता तर त्यांनी एवढा खटाटोप कशाला केला असता?

आता पापाचं. योहानाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा माणूस आहे बघा, शिष्य हाच प्रश्न विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना लोक आजाऱ्याच्या दारात उभं राहून हिशोब का मांडतात हे मला आजवर कळलेलं नाही. त्या बाई परत बोलल्या तर तोच अध्याय काढून द्या हातात, वाद घालत बसू नका.

रागाचं विचारलंत ना, तर स्तोत्र 13 काढा. दावीद सुरुवातच करतो की देवा किती दिवस विसरणार आहेस मला. आणि 88वं तर असं आहे की शेवटी 'पण देवा तू चांगला आहेस' असलं काहीच येत नाही, अंधारातच संपतं. तरी ते बायबलमध्ये ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. वधस्तंभावर खुद्द येशूची हाक काय होती, माझा त्याग का केलास. म्हणजे तुम्ही रात्री शिवणाच्या मशीनवर बसून मनातल्या मनात देवाला जे सुनावता ना, ती प्रार्थनाच चाललीय तुमची. गोड शब्द सुचत नसतील तर हीच स्तोत्रं मोठ्यानं वाचा, तुमचं बोलणं त्यांच्यात आधीच लिहून ठेवलंय. तेही जमलं नाही तर मिस्टरांना वाचायला सांगा, डायलिसिसला चार-चार तास ते पडूनच असतात की.

आणि बळाचं म्हणाल तर एलीया आठवा, बायबलात 1 राजे, अध्याय 19. एवढा मोठा संदेष्टा पण झुडपाखाली बसून म्हणाला पुरे झालं, मला मरू दे. देवानं त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं, मग दूत आला, उठ, खा म्हणाला, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन परत झोपला, परत उठवून खायला घातलं, मग कुठं पुढचा प्रवास. तुम्ही नीट जेवता का बाई? खरं सांगा. पेशंटचं पथ्याचं ताट करताना आपलं ताट राहून जातं, बघितलंय मी हे घरोघर.

पाळकसाहेबांना भेटा, पण 'प्रार्थना करा' एवढंच म्हणून परत येऊ नका, काम सांगा. गुरुवारी डायलिसिसला सोबत कोण जाईल, रविवारी संध्याकाळचा डबा कोण देईल. लोकांना मदत करायची असते हो, काय करायचं ते सुचत नाही म्हणून सगळे शहाळी घेऊन येतात, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, किडनीच्या पेशंटला ते चालत नाही. स्पष्ट सांगून टाका, शहाळं नको, भाकरी आणा.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाही पण दिसतंय. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यालाच गाठा. झोपेचं मात्र अंगावर काढू नका, डॉक्टरांना सांगा, आणि रात्री फारच जड झालं तर 14416 वर फोन लावा, सरकारी टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, फुकट, मराठीत बोलतात. तिथं रडलात तरी चालतं, आणि देवाला काही त्याचं वाईट वाटणार नाही.