वाचक विचारतात : ड्रायव्हरमधल्या साध्या चुका सापडत का नाहीत?

प्रश्न : ताई, आमचं अंबड एमआयडीसीत छोटं युनिट आहे. दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी तापमान नोंदवणारे बोर्ड बनवतो, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते आणि सेन्सरचा ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरशी बोलणारा प्रोग्राम, आमच्याच एका पोराने लिहिलाय. टेबलावर सगळं मस्त चालतं, पण साइटवर सेन्सरची केबल सैल झाली की एरर यायच्या ऐवजी बोर्ड सरळ 250 तापमान दाखवतो. कंपाइल करताना एक वॉर्निंग येत नाही. सेन्सर बदलून पाहिला, तेच. — एक वाचक, अंबड

उत्तर : दादा, सेन्सर बदलणं आधी थांबवा, तो 250 आकडाच सगळं सांगतोय. सेन्सर आयटूसीवर, म्हणजे चिप एकमेकींशी बोलतात त्या दोन तारांच्या जोडणीवर, असणार असं धरून बोलते. लिनक्समध्ये आयटूसीवरून एक बाइट वाचणारं फंक्शन असतं, वाचता आलं तर ते 0 ते 255 मधला आकडा देतं आणि नाही आलं तर उणे आकडा देतं. केबल सुटली आणि पलीकडून कुणी ओ दिली नाही की हा आकडा बरेचदा उणे 6 असतो. आता तो ज्या व्हेरिएबलमध्ये घेतला ते यू-एट असेल, म्हणजे आठ बिटांचं, ज्यात उणे काही मावतच नाही, तर उणे 6 चे तिथे 256 वजा 6 असे 250 होतात! बोर्डावरचा आयटूसी कंट्रोलर वेगळा असेल तर उणे 5 चे 251 दिसतील नाहीतर उणे 121 चे 135, चूक तीच.

आणि गंमत बघा, खालच्याच ओळीत 'शून्यापेक्षा कमी असेल तर एरर परत दे' अशी अट पण लिहिलेली असेल. वाचणाऱ्याला वाटतं पोराने एरर तपासलीये, चांगलं केलं, पण यू-एट कधी शून्याखाली जातच नाही म्हणून ती अट जन्मात खरी होत नाही. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नेहमीच्या बिल्डमध्ये या प्रकाराची वॉर्निंग चालू नसते, त्यामुळे कंपायलरही गप्प बसतो. दुरुस्ती छोटी आहे, उत्तर आधी साध्या इंटमध्ये, म्हणजे उणे आकडाही मावतो अशा व्हेरिएबलमध्ये, घ्या, तिथे तपासा, ठीक असेल तरच पुढे यू-एटमध्ये टाका.

पण एवढ्यावर सोडू नका, ज्याने ही ओळ लिहिली त्याने आर्द्रतेसाठी, बॅटरीसाठी तीच कॉपी-पेस्ट केली असणार, म्हणून पूर्ण ड्रायव्हरमध्ये ग्रेप मारा, म्हणजे शब्द शोधणाऱ्या त्या कमांडने तशा सगळ्या ओळी काढा. इंटरप्टचा, म्हणजे डिव्हाइस प्रोसेसरला हाक मारतं त्या सिग्नलचा, नंबर आणताना पण हेच होतं, फंक्शन उणे एरर देतं आणि लोक तो अनसाइन्डमध्ये, म्हणजे उणे न मावणाऱ्या प्रकारात, घेतात. हे शोधायला स्मॅच नावाचं टूल आहे, ते नेमकं सांगतं की हा अनसाइन्ड आहे, शून्याखाली जाणार नाही. दुसरं कॉक्सिनेल, फ्रान्सच्या इनरिया संस्थेत तयार झालेलं. चूक कशी दिसते त्याचा साचा त्याला दिला की व्हेरिएबलचं नाव काही असो, स्पेस कशीही असो, ते शोधून काढतं. तयार नियम कर्नलच्या कोडसोबतच येतात, मेक कॉक्सीचेक चालवायचं फक्त.

आणि पोराला सांगा की रीडिंग चालू असताना टेबलावरच केबल ओढून बघ, बोर्ड चालू होताना ओढून बघ. एररच्या वाटेवरचा कोड एरवी कधी चालतच नाही, म्हणून तर या चुका थेट गिऱ्हाइकाकडे जाऊन दिसतात.

प्रश्न : ड्रायव्हरमध्येच जास्त चुका असतात हे खरं का? वर्गात मुलं विचारतात. — शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : 2001 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी लिनक्सचा कोड तपासला तेव्हा काही प्रकारच्या चुकांचं प्रमाण ड्रायव्हरमध्ये बाकी कर्नलच्या तीन ते सात पट निघालं होतं. 2011 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी लिनक्सवर तोच अभ्यास परत केला, तेव्हा मात्र ड्रायव्हरमधलं प्रमाण फाइल सिस्टीमच्याही, म्हणजे फाइली साठवणाऱ्या भागाच्याही, खाली आलं होतं. मुलांना दोन्ही सांगा, नुसतं पहिलं सांगितलं तर अर्धवट होतं.

प्रश्न : ताई, मी थर्ड इयरला आहे. लिनक्सच्या कर्नलवर स्मॅच चालवलं तर वॉर्निंगचा पाऊस पडला. सगळ्या दुरुस्त करून पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांची फाइल, पाठवू का? — विद्यार्थी, पंचवटी

उत्तर : सगळ्या नको रे. एक घे आणि ती वॉर्निंग खरी आहे का ते आधी स्वतःला पटवून दे. समज टूल म्हणालं की इथे मेमरी सोडलेली नाही, तू लगेच मेमरी सोडणारं केफ्री टाकलंस, पण मेमरी डेव्हएम-केझॅलॉकने घेतलेली असली तर डिव्हाइस निघताना कर्नल ती आपणहून सोडतो. म्हणजे एकच मेमरी दोनदा सुटली, चालू ड्रायव्हर तुझ्या पॅचने बिघडला! म्हणून मेमरी कुठे घेतली, कुठे सुटते, मधल्या कुठल्या वाटेने बाहेर पडता येतं, हे कागदावर काढ. हार्डवेअर जवळ नसेल तर फक्त कंपाइल करून पाहिलंय असं पॅचमध्ये स्पष्ट लिही, त्यात कमीपणा काही नाही, उलट मेंटेनरला, म्हणजे तो कोड सांभाळणाऱ्याला, कळतं की स्वतः काय तपासायचंय. चूक कुठल्या कमिटपासून, म्हणजे कोडमधल्या कुठल्या नोंदवलेल्या बदलापासून, आली ते गिट ब्लेम कमांडने शोधून पॅचमधल्या फिक्सेसच्या ओळीत टाक. पॅच कुणाला पाठवायचा हे गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते. उत्तर आलं नाही तर आठ-पंधरा दिवस थांबून मग विचार, रोज विचारू नकोस.