फिम्वर्दुहाल्सला निघण्याआधी

सह्याद्रीतला अनुभव कामी येईल, पण त्याच्या भरवशावर आइसलँडची ही खिंड हलक्यात घेऊ नकोस. स्कोगार गाव ते थोर्समोर्क दरी साधारण २५ किलोमीटर, चढ हजार मीटरच्या आसपास. अंतर तुला जमेल. खरी परीक्षा हवामानाची. एका बाजूला एय्याफ्यात्लायोकुत्ल, दुसरीकडे मिर्दाल्सयोकुत्ल. दोन हिमनद्यांच्या मधून वारा असा घुसतो की खाली ऊन असताना वर जुलैतही बर्फ पडू शकतो.

म्हणून सुती कपडा अंगावर नकोच. लोकरीचा आतला थर, पाणी आणि वारा दोन्ही अडवणारं जॅकेट, हातमोजे, टोपी एवढं हवंच. पाणी स्कोगा नदीकाठीच भरून घे, वर भरवसा नाही.

माथ्यावर खुणेचे खांब आहेत. धुक्यात पुढचा खांब दिसला नाही तर थांब, अंदाजाने चालू नकोस. बर्फाच्या पट्ट्यांवर ज्वालामुखीची काळी राख पसरलेली असते, त्यामुळे खाली बर्फ आहे हे चटकन कळत नाही. मार्च २०१० च्या उद्रेकातून तयार झालेली माग्नी आणि मोदी ही विवरं तिथेच आहेत. तिथे जरूर थांब. महाराष्ट्रातला आपला बहुतेक सह्याद्री ज्या बेसाल्ट खडकाचा, तोच इथे तुझ्याहून वयाने लहान आहे.

पुढे हेल्यारकाम्बुरची अरुंद धार लागते, साखळी धरून सावकाश उतर. जोराचा वारा असेल तर त्या दिवशी निघूच नकोस. परतीची बस आधीच ठरव. थोर्समोर्कमधली क्रोसा नदी साध्या गाडीने ओलांडता येत नाही.