तिसऱ्यांत व्हिब्रिओ सापडत नाही? आधी बर्फाची पेटी पाहा

अर्जुनी मोरगावच्या भावाची पोस्ट वाचली. एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा प्रकल्प, रत्नागिरीहून मागवलेल्या तिसऱ्या (खाडीतले शिंपले) आणि कोळंबीत व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा पोट बिघडवणारा जंतू शोधायचा. चार खेपा झाल्या, टीसीबीएसच्या (व्हिब्रिओ वेगळा काढायच्या खास माध्यमाच्या) ताटलीवर जंतूंची हिरवी वसाहत एकही नाही, दोनदा पिवळ्या आल्या. मार्गदर्शक म्हणतात, ‘निगेटिव्ह लिहून मोकळा हो.’ वर गोंदियाच्या बाजारात बांगड्याची लांबी मोजून समुद्रातल्या साठ्याचा अंदाज काढायचं दुसरं प्रकरण.

भाऊ, निगेटिव्ह लिहू नका. हे दुखणं ओळखीचं आहे. तुम्ही मोजून राहिले ते रत्नागिरीची खाडी नाही, तुमची थर्माकोलची पेटी आहे.

ताटली कशी ओतायची, लूप (जंतू उचलायची तारेची कडी) कसा फिरवायचा ते सांगत बसत नाही. पोस्टमध्ये तुम्ही ‘माल बर्फात दाबून आला, अगदी ताजा’ असं लिहिलंय. घोळ तिथंच आहे. हा जंतू खाऱ्या पाण्यातला. मीठ नसेल तर तो वाढत नाही, आणि गोडं पाणी त्याच्या पेशीला सोसत नाही. बर्फ गोड्या पाण्याचा. दीड-दोन दिवसांच्या प्रवासात तो वितळतो आणि तिसऱ्या त्याच पाण्यात पडून राहतात. म्हणजे थंडीचा मार वेगळा, अळणी पाण्याचा वेगळा. साधारण १० अंशांच्या खाली त्याची वाढ थांबते. त्याहून खाली, शून्याच्या आसपास, काही पेशी मरतात, काही जखमी होतात आणि काही अशा अवस्थेत जातात की जिवंत असून ताटलीवर उगवत नाहीत. तुमची ताटली स्वच्छ दिसते ती त्यामुळे. खायचा माल बर्फात आणणं बरोबरच आहे, व्यापाऱ्याची चूक नाही. तपासणीचा नमुना मात्र तसा आणायचा नसतो.

आता थोडं मनातलं बोलू द्या. ही चूक पोरं आपल्या मनानं करत नाहीत, त्यांच्याकडून करवून घेतली जाते. एका कार्यालयाच्या खिडकीवर छापील कागद होता: ‘नमुना बर्फात नसल्यास स्वीकारला जाणार नाही.’ दूध, मटण, पाणी, शिंपले, सगळ्यांना एकच नियम. समुद्री शिंपल्यांचा बर्फाशी थेट संपर्क टाळायचा असतो हे सांगितलं, तर उत्तर मिळालं, ‘साहेबांकडून लेखी आणा.’ साहेब दौऱ्यावर. नमुना बर्फात घातला, तेव्हा कुठं घेतला, आणि अहवाल आला ‘आढळला नाही’. पद्धत कोणती, माध्यमात मीठ किती, याचा एक शब्द नाही. दोन हंगाम त्यात गेले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण असा कागद एकाच खिडकीवर असेल असं वाटत नाही.

पेटी अशी भरा. तळाला गोठवलेले जेल पॅक, वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळून. त्यावर थर्माकोलचा इंचभर जाड तुकडा. त्यावर तिसऱ्या, पिशवीत कोरड्या, पाण्यात बुडवलेल्या नाहीत. त्याच खाडीच्या पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ फडकं वरून घाला. उरलेली पोकळी कागदाच्या बोळ्यांनी भरा आणि झाकण चिकटपट्टीनं बंद करा. आतलं तापमान ७ ते १० अंश राहायला पाहिजे. लांब वायरीचा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोक तिसऱ्यांमध्ये आणि पडदा पेटीबाहेर. किती जेल पॅक लागतील याचा आकडा मी देणार नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पेटी घरीच एक दिवस रिकाम्या नमुन्यावर चालवून पाहा. तिसऱ्यांच्या वजनाइतक्या पाण्याच्या पिशव्या ठेवल्या की झालं.

आणि उलट चूकही करू नका. ‘बर्फ नको’ म्हणजे उघड्या पोत्यात आणा असं नाही. ३५-३७ अंशांना, चांगल्या माध्यमात, हा जंतू दहा मिनिटांच्या आत दुप्पट होऊ शकतो. शिंपल्यात तो वेग मिळत नाही, पण गरम झालेल्या पेटीतून आलेला मोठा आकडाही खाडीचा नसतो, तोही पेटीचाच.

सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे पहिलं पाऊल किनाऱ्यावरच उरकणं. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे. मार्गदर्शकांच्या पत्रावर एखादं टेबल आणि इन्क्युबेटर दोन दिवस मिळतो का ते विचारा. तिथंच पेप्टोनमध्ये (जंतू वाढवायच्या द्रव माध्यमात) वाढवा, टीसीबीएसवर रेघा ओढा, आणि संशयित वसाहती कॅरी-ब्लेअर या वाहतुकीच्या माध्यमात घेऊन या. त्यात व्हिब्रिओ खोलीच्या तापमानाला चांगला टिकतो, बर्फाची कटकटच नाही. ग्लिसरॉल-सलाइनचं माध्यम कोणी हातात दिलं तर घेऊ नका, ते व्हिब्रिओसाठी नाही.

प्रयोगशाळेतली दुसरी मोठी गळती म्हणजे डायल्यूशनच्या (नमुना पातळ करायच्या) नळ्या. कॉलेजात ९ मिलि डिस्टिल्ड वॉटरच्या नळ्या तयार असतात, आणि सवयीनं त्याच उचलल्या जातात. इथं फॉस्फेट बफर्ड सलाइनच लागेल. बारा-एक तिसऱ्या नळाखाली ब्रशनं घासा, कोरड्या करा, निर्जंतुक सुरीनं उघडा आणि मांस आतल्या पाण्यासकट घ्या. ५० ग्रॅमला ४५० मिलि सलाइन, ब्लेंडरमध्ये दीड मिनिट. (मिक्सरचं भांडं घरून आणलं असेल तर ते आता घरी परत जाणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.) मग १:१०, १:१०० आणि १:१००० अशी प्रत्येकी १ मिलि, १० मिलि अल्कलाइन पेप्टोन वॉटरच्या तीन-तीन नळ्यांत. पेप्टोन लिटरला १० ग्रॅम, मीठ निदान १० ग्रॅम, पीएच ८.५. मीठ प्रयोगशाळेतलं, स्वयंपाकाचं आयोडीनवालं नाही. ३५ अंशांना १८ ते २४ तास. नंतर नळी हलवायची नाही, लूप वरच्या एक सेंटिमीटरातूनच घ्यायचा. व्हिब्रिओला हवा आवडते, तो वर जमतो. नळी झटकली की बाकीची गर्दी त्यात मिसळते.

इन्क्युबेटरबद्दल एक. साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो. मे महिन्यात खोलीच ४१ अंशांवर असेल तर तो ३५ दाखवूच शकत नाही. थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर लागतो, नाहीतर मार्चपर्यंत काम उरका.

टीसीबीएस ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत निर्जंतुक) करायचं नसतं, नुसतं उकळून विरघळवायचं. डब्यावर लिटरला साधारण ८९ ग्रॅम लिहिलेलं असतं, आपल्या डब्याचा आकडा पाहून घ्या. ऑटोक्लेव्ह केलेल्या ताटलीवरचा निकाल धरू नका, मग रंग कुठलाही येवो.

पिवळ्या वसाहती पाहून कॉलरा म्हणून घाबरू नका आणि फेकूनही देऊ नका. साखर (सुक्रोज) आंबवणारे पिवळे दिसतात. त्यात व्हिब्रिओ कॉलरी येतो, तसाच समुद्री मालात भरपूर सापडणारा व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसही येतो. तुमचा पॅराहिमोलिटिकस हिरवा-निळसर, पण व्हल्निफिकसही बहुधा हिरवाच. रंगावर निकाल देऊ नका. वसाहत मीठ घातलेल्या साध्या अगारवर शुद्ध करा आणि ऑक्सिडेज चाचणी (जंतू ओळखायची रंगाची चाचणी) तिथूनच करा. टीसीबीएसवरून केलेली ऑक्सिडेज फसवते. मग ०, ३, ६, ८ आणि १० टक्के मिठाच्या नळ्या लावा. पॅराहिमोलिटिकस ३, ६ आणि ८ मध्ये वाढतो, ० आणि १० मध्ये नाही. १० मध्येही वाढला तर अल्जिनोलिटिकसचा संशय घ्या, बिनमिठाच्या नळीत वाढला तर कॉलरीचा. खर्च नळ्यांचा आणि मिठाचा, पण अर्धा गोंधळ इथंच मिटतो. पीसीआरची (जनुक शोधायच्या चाचणीची) सोय झाली तर प्रजातीसाठी टीएलएच हे जनुक, विषारीपणासाठी टीडीएच आणि टीआरएच. खाडीत मिळणाऱ्या बहुतेक वाणांत शेवटची दोन जनुकं नसतात, तेव्हा ‘सापडला’ आणि ‘धोकादायक सापडला’ ही वाक्यं प्रबंधात वेगवेगळी ठेवा.

प्रस्तावनेला हवं असेल तर: हा जंतू १९५० मध्ये ओसाकात फुजिनो यांनी ओळखला. शिरासू नावाच्या लहान सुक्या मासळीतून २७२ जण आजारी पडले, २० दगावले. आणि जगभर पसरलेला ओ३:के६ वाण १९९६ मध्ये आपल्या कोलकात्यातच पहिल्यांदा ठळकपणे दिसला. रुग्ण, उपचार यांबद्दल मी बोलत नाही, ते डॉक्टरांचं काम.

बांगड्याचं थोडक्यात. बाजारातली लांबी साठ्याची नाही, प्रतवारीची असते. बंदरावर, मग व्यापाऱ्याकडे, मग नागपुरात, अशी तीनदा निवड होऊन मोठा-लहान वेगळा झालेला माल गोंदियाला येतो. उष्ण समुद्रातल्या माशाचं वय कानातल्या हाडाच्या वलयांवरून काढणं अवघड, म्हणून लांबीच्या वाटणीवरून वाढ आणि मृत्युदर काढतात. पण त्याला न निवडलेली पकड लागते, महिन्यामागून महिना, कोणत्या जाळ्यातली या नोंदीसह. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, ते दोन महिने जवळजवळ रिकामेच. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं त्यासाठी थेट बंदरांवर जाऊन नमुने घेतात, उगाच नाही. तुमचा नमुना बाजाराचा आहे तर प्रश्नही बाजाराचा विचारा: महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ठरवलेल्या किमान कायदेशीर लांबीपेक्षा लहान मासे आपल्या बाजारात किती येतात? त्याला गोंदियाचा ओटा चालतो. शेपूट तुटलेले मासे वगळा, आणि एकूण लांबी की शेपटीच्या खाचेपर्यंतची, ते एकदा ठरवून बदलू नका. गणिताला अडलात तर नागपूरच्या मत्स्य महाविद्यालयात विचारा.

माझं खरं मत विचाराल (पटलं नाही तर सोडून द्या): समुद्र सोडा. तुमच्या भोवती मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, त्यांत शिंपले आहेत, नमुना तासाभरात टेबलावर येतो. त्यात ई. कोलाय आणि एरोमोनास पाहा. एरोमोनासही ऑक्सिडेज सकारात्मक, पण ६ टक्के मिठात वाढत नाही, म्हणजे त्याच नळ्या कामी येतात. तलाव बहुधा ढिवर (मासेमार) बांधवांच्या संस्थेकडे ठेक्यानं असतो, अध्यक्षांना आधी भेटा. नवेगावबांधकडे जंगलाच्या हद्दीत हात घालायचा तर वनविभागाची लेखी परवानगी आधी.

पुढच्या खेपेचं पेटीतलं तापमान, किती तास लागले आणि तुमच्या पेप्टोनमध्ये मीठ किती होतं, एवढं इथं टाका. पिवळ्या वसाहतींच्या ताटल्या अजून फ्रिजबाहेर जिवंत असतील तर आजच मिठाच्या नळ्या लावा.