बीटी वांग्याला विरोध, सरकीच्या तेलाला मुभा: लोक नेमके कशाला नकार देतात?

महाविद्यालयात या विषयावर कार्यक्रम घेण्याच्या निमित्ताने आपण मला विचारले आहे: २००२ पासून देशात बीटी कापूस (जिवाणूचे जनुक घालून अळीला प्रतिकारक केलेला कापूस) आहे, त्याच्या सरकीचे तेल आपण फरसाणापासून हॉटेलातल्या भाजीपर्यंत सर्वत्र खातो, मग बीटी वांगे म्हटले की लोक का बिथरतात, आणि महाविद्यालयात एखादे व्याख्यान ठेवून जनुकांचे विज्ञान नीट समजावून सांगितले तर हा विरोध मावळेल का? बियाणे आणि कृषिविस्तार या क्षेत्रांत बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत असे बनले आहे की केवळ समजावण्याने तो मावळणार नाही. चाचणी कोणी केली, बियाण्यावर हक्क कोणाचा राहणार आणि आपल्या ताटात येण्यापूर्वी आपल्याला सांगितले जाणार का, या गोष्टी लोकांना जाणून घ्यायच्या असतात, आणि आपण त्यांना उत्तर मात्र प्रथिनांविषयी देतो.

आधी तेलाच्या उदाहरणाविषयी. ते व्याख्यानात वापरणार असाल तर जपून वापरावे. शुद्धीकरण केलेल्या तेलात प्रथिन जवळपास उरत नाही, त्यामुळे सरकीचे तेल खाणे आणि ज्याच्या गरातच बीटी प्रथिन आहे असे वांगे खाणे या सारख्या गोष्टी नाहीत, आणि सभेतला एखादा जाणकार श्रोता हे लगेच दाखवून देईल. जनावरांना घातली जाणारी सरकीची ढेप हे त्याहून योग्य उदाहरण आहे, कारण तिच्यात प्रथिन असते आणि आपल्याकडची गुरे ती दोन दशके खात आली आहेत.

सुरक्षिततेविषयी माझे मत स्पष्ट आहे. बीटी वांग्यात घातलेले जनुक बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे आहे. त्यापासून तयार होणारे प्रथिन फळ आणि शेंडा पोखरणाऱ्या अळीच्या अल्कधर्मी आतड्यात, तिथल्या ठरावीक ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या विशिष्ट जागांना, चिकटूनच काम करते. माणसाच्या आम्लयुक्त जठरात ते पचते आणि आपल्या आतड्यात तसे ग्राहीही नाहीत. हाच जिवाणू फवारणीच्या रूपात सेंद्रिय शेतकरीही वापरतात. उलट आज बाजारात येणाऱ्या वांग्यावर हंगामभर किती वेळा कीटकनाशक पडलेले असते, याचा विचार केला तर खाणाऱ्याच्या आरोग्याच्या दृष्टीने मला बीटी वांगे अधिक निर्धोक वाटते. २०१२ मध्ये फ्रान्समधील सेरालिनी यांचा, जनुकीय सुधारित मका खाल्लेल्या उंदरांना गाठी आल्याचा दावा करणारा निबंध जगभर गाजला, पण संबंधित नियतकालिकाने तो २०१३ मध्ये मागे घेतला. त्याची छायाचित्रे आजही समाजमाध्यमांवर फिरतात, म्हणून त्याविषयीच्या प्रश्नाची तयारी ठेवा.

मात्र हे सारे सांगून झाल्यावरही सभागृहातले मत फारसे हललेले दिसणार नाही. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ८८ टक्के शास्त्रज्ञांनी जनुकीय सुधारित अन्न खाण्यास सुरक्षित म्हटले होते, तर सामान्य प्रौढांपैकी केवळ ३७ टक्क्यांनी. ही दरी अज्ञानातून आली आहे असे मानण्याचा मोह होतो, आणि त्याला काही आधारही आहे. २०१९ मध्ये नेचर ह्यूमन बिहेवियरमध्ये आलेल्या एका अभ्यासात सर्वांत तीव्र विरोधकांना विज्ञानाच्या प्रश्नांत सर्वांत कमी गुण मिळाले, आणि आपल्याला या विषयातले सर्वाधिक कळते असेही त्यांनाच वाटत होते. परंतु तो निष्कर्ष टोकाच्या विरोधकांविषयी आहे. ज्यांच्याशी बोलण्यात अर्थ आहे तो मधला मोठा वर्ग वेगळा आहे, आणि त्याचे मत कसे घडते हे ब्रिटनमधल्या टोमॅटोच्या डब्यांवरून फार चांगले कळते.

फेब्रुवारी १९९६ मध्ये तिथल्या सेन्सबरी आणि सेफवे या दुकानांत झेनेका कंपनीच्या जनुकीय सुधारित टोमॅटोची प्युरी विकायला आली. डब्यावर तसे ठळक छापलेले होते आणि नेहमीच्या डब्याच्याच किमतीत माल अधिक होता. लोकांनी ती आवडीने घेतली. १९९९ च्या सुरुवातीपर्यंत सुमारे १८ लाख डबे खपले. म्हणजे ब्रिटिश ग्राहक मुळातच या तंत्रज्ञानाच्या विरोधात होता असे म्हणता येत नाही. त्याच वर्षी, मार्च १९९६ मध्ये, गायींच्या मेंदूच्या रोगाचा माणसांशी संबंध असल्याची कबुली सरकारला द्यावी लागली, आणि त्याआधी कित्येक वर्षे गोमांस सुरक्षित असल्याची ग्वाही देणाऱ्या यंत्रणेवरचा विश्वास कोसळला. शरद ऋतूत अमेरिकेतून तणनाशक-सहनशील (तणनाशक फवारले तरी न मरणारे) जनुकीय सुधारित सोयाबीन साध्या सोयाबीनमध्ये मिसळून, कोणत्याही खुणेविना, युरोपच्या बंदरांत उतरले. नंतर १९९८ मध्ये, जनुकीय सुधारित बटाट्यांचा उंदरांवर वाईट परिणाम होतो असे सांगणाऱ्या पुश्ताई या शास्त्रज्ञाच्या प्रयोगावरून वाद उसळला, आणि १९९९ मध्ये दुकानांनी प्युरीसुद्धा उचलून ठेवली. या काळात टोमॅटोतले जनुक तेच होते. सांगून विकलेला माल लोकांनी स्वीकारला आणि न सांगता ताटात आलेला माल मात्र त्यांना फसवणूक वाटला; त्या रागात दोन्ही बुडाले.

आपल्याकडे बीटी वांग्याचे काय झाले ते या संदर्भात पाहावे. हे तंत्रज्ञान जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने विकसित केले, म्हणजे महाराष्ट्राचा त्याच्याशी थेट संबंध आहे. कंपनीच्या सुरक्षाचाचण्यांचे तपशील माहितीच्या अधिकाराचा अर्ज आणि न्यायालयीन पाठपुरावा झाल्यावरच २००८ मध्ये खुले झाले. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने लागवडीला मंजुरी दिली. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी जानेवारी आणि फेब्रुवारी २०१० मध्ये देशातील सात शहरांत, त्यांत नागपूरमध्येही, जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती जाहीर केली. त्यांच्या निर्णयपत्रातला एक मुद्दा मला आजही रास्त वाटतो: बहुतेक चाचण्या ज्याने वाण विकसित केले त्यानेच केल्या होत्या. स्थगितीने नुकसान झाले असे माझे ठाम मत आहे, पण तो आक्षेप खोडून काढण्यासाठी स्वतंत्र, सार्वजनिक पैशातून दीर्घ मुदतीच्या चाचण्या करणे शक्य होते, आणि त्या झाल्या नाहीत. स्थगिती तशीच राहिली. परिणामी २०१९ मध्ये हरियाणातल्या फतेहाबाद येथे बीटी वांगे बेकायदा लावलेले सापडले आणि ते नष्ट करावे लागले.

शेतकऱ्यांचा दृष्टिकोन हा स्वतंत्र विषय आहे आणि शहरी चर्चेत तो नेहमी एका बाजूला ओढला जातो. विदर्भातला कापूस उत्पादक एकाच वेळी दोन गोष्टी बोलतो आणि दोन्ही खऱ्या असतात. बीटीने सुरुवातीच्या वर्षांत हिरव्या बोंडअळीवरची फवारणी खरोखर कमी केली, म्हणूनच जवळजवळ सारा कापूस बीटी झाला. पुढे गुलाबी बोंडअळी दोन जनुकांच्या बीटीलाही दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात बोंडेच्या बोंडे सडली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अळीत प्रतिकार निर्माण होऊ नये म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जात असे आणि ते शेताच्या कडेने लावणे अपेक्षित होते, म्हणजे बीटीला बळी पडणाऱ्या साध्या अळ्याही तिथे टिकून राहतात. ज्याच्याकडे तीन एकर कोरडवाहू आहे तो त्यातल्या ओळी अळीला खायला का सोडेल, याचे उत्तर कोणी दिले नाही, आणि दोष मात्र शेतकऱ्याच्या अडाणीपणाला लावण्यात आला. बीटी कापसामुळे आत्महत्या वाढल्या, हा दावा आकडेवारीवर टिकत नाही, तो सभेत कोणी मांडला तर नम्रपणे नाकारावा. पण तंत्रज्ञान विकताना त्याच्या मर्यादा सांगितल्या गेल्या नाहीत, ही तक्रार पूर्णपणे खरी आहे.

तरीही १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी बंदी असलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली तुरुंगवासाची तरतूद असतानाही ते पुढे आले, कारण निंदणाची मजुरी परवडत नाही आणि वेळेला माणूस मिळत नाही. ज्याला आपण जनमत म्हणतो त्यात या माणसांची गणना क्वचितच होते. चोरबीटी म्हणून हे बियाणे गावोगाव पावतीविना विकले जाते, उगवण झाली नाही तर दाद मागता येत नाही, आणि तणनाशकाचा वापर कसा मर्यादित ठेवावा हे सांगणाराही कोणी नसतो. मला ही स्थिती बंदी आणि परवानगी या दोन्हींपेक्षा वाईट वाटते.

बांगलादेशाने याच जालन्याच्या तंत्रज्ञानाला ऑक्टोबर २०१३ मध्ये मान्यता दिली आणि २०१४ मध्ये पहिल्या २० शेतकऱ्यांना रोपे दिली. पुढच्या काही वर्षांत ही संख्या हजारोंवर गेली आणि फवारणीचा खर्च लक्षणीय घटला. तिथे वाण सरकारी कृषी संशोधन संस्थेचे होते, बी घरी राखून पुढच्या वर्षी लावता येत होते. आपल्याकडेही धारवाड कृषी विद्यापीठाने मांजरी गोटासारख्या वाणांत हे जनुक आणले होते, आणि कोइम्बतूरच्या विद्यापीठानेही आपल्या वाणांवर काम केले होते. २०१० च्या वादात याचा उल्लेख जवळपास झालाच नाही. सारी चर्चा कंपनी विरुद्ध शेतकरी अशीच रंगली.

म्हणून आपल्या कार्यक्रमाविषयी माझा सल्ला असा आहे की जनुकांवरचे व्याख्यान अर्ध्या तासात आटोपावे आणि उरलेला वेळ माहिती देण्याच्या प्रश्नाला द्यावा. १ जानेवारी २०१३ पासून आपल्या देशात जनुकीय सुधारित अन्नाच्या पाकिटांवर जीएम ही अक्षरे छापणे बंधनकारक आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये ६५ खाद्यपदार्थ तपासले तेव्हा त्यांतल्या ३२ टक्क्यांत जनुकीय सुधारित अंश सापडले आणि बहुतेकांवर तसा उल्लेख नव्हता. सरकीच्या तेलाच्या पिशवीवर ही अक्षरे मी आजवर पाहिलेली नाहीत. विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या दुकानांतल्या पिशव्या पाहून यायला सांगा. चर्चेला त्याहून चांगला आरंभ मिळणार नाही.

हे आताच करणे निकडीचे आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादनातून (वनस्पतीच्याच जनुकांत नेमका बदल करून) तयार केलेली भाताची दोन वाणे जाहीर केली. त्यांत परके जनुक नसल्यामुळे २०२२ च्या आदेशानुसार त्यांना जुन्या मोठ्या नियमावलीतून सूट आहे. शास्त्रीयदृष्ट्या ही सूट मला योग्य वाटते आणि वाणे सरकारी संस्थांची आहेत ही तर फार चांगली गोष्ट आहे. पण शेतातल्या चाचण्यांचे पूर्ण आकडे सर्वांना वाचता येतील अशा रीतीने मांडले जावेत आणि बियाण्याच्या पिशवीवर पद्धत स्पष्ट लिहिली जावी, अशी मागणी या तंत्रज्ञानाच्या समर्थकांनीच सर्वांत आधी करायला हवी. आपल्या महाविद्यालयाच्या नावाने तसे एक निवेदन कृषी मंत्रालयाला पाठवता आले तर त्याचा मसुदा तयार करायला मी आनंदाने मदत करेन.