रिसर्च पेपरचा विषय: ऊस मोठा, गुऱ्हाळ लहान

तुझं पत्र दोनदा वाचलं. एमए अर्थशास्त्राच्या पेपरला आधी 'कोल्हापूर जिल्ह्यातील ऊस शेतीचा अभ्यास' असा विषय दिलास, सर म्हणाले फार मोठा आहे, मग तू एकदम 'आमच्या गावातल्या एका गुऱ्हाळाचा जानेवारीचा खर्च' केलास आणि आता चार पानांच्या वर मजकूर होत नाही, तर विषयच बदलू का असं विचारतेस. बदलू नकोस गं, विषय चांगला आहे.

झालंय काय, की तू जागा कमी केलीस पण प्रश्न घातलाच नाहीस. पहिल्या विषयात सगळा जिल्हा आहे, दुसऱ्यात नुसता हिशोब. पण तुझ्याच पत्रात शेवटी एक ओळ आहे बघ, एवढे कारखाने असताना काका ऊस गुऱ्हाळाला का घालवतात ते अजून कळलं नाही म्हणून. हाच की विषय!

आता एका गुऱ्हाळावरून जरा वर ये. करवीर तालुक्यातली तीन-चार गावं घे, दहा-बारा शेतकरी, निम्मे कारखान्याला घालवणारे निम्मे गुऱ्हाळाला, आणि सगळ्यांना तेच विचार: ऊसतोड कधी आली, पैसे किती दिवसांनी हातात पडले, अडत्याकडून, म्हणजे गूळ विकून देणाऱ्या दलालाकडून, आगाऊ उचल घेतली होती का, गुळव्याची (गूळ करणाऱ्या कारागिराची) आणि मजुरांची मजुरी जाऊन काय उरलं. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात कारखान्यानं 14 दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे, तो एका बाजूला आणि शेतकऱ्यानं सांगितलेले दिवस दुसऱ्या बाजूला ठेवलेस की तुलना आपोआप उभी राहते, आणि चार पानांचं टेन्शन जातं. हंगाम मात्र एकच धर, दोन धरलेस की परत पसरशील.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते प्रस्तावनेत एका ओळीत येऊ दे. शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसवली तिथपासून सुरुवात करायचा मोह होईल, मला माहितेय, पण तो वेगळा पेपर आहे. आवक आणि भाव बाजार समितीत विचार, जुनं वाचायला विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहेच, आणि करवीर नगर वाचन मंदिरात पण एक चक्कर टाक, 1850 पासूनची संस्था आहे ती.

सरांना नवीन विषय दाखवायच्या आधी काकांना एका दमात सांगून बघ. त्यांनी लगेच उत्तर द्यायला सुरुवात केली तर प्रश्न बरोबर जमलाय, आणि 'म्हणजे काय' म्हणाले तर अजून बारीक कर.

आणि रविवारी वही घेऊन गुऱ्हाळावर जा. गुळव्या पाण्यात पाक टाकून गोळी होते का बघत असतो तेव्हा काही विचारू नकोस, काहिलीत, त्या मोठ्या कढईत, रस नुकताच चढलेला असतो तेव्हा त्याच्याशी बोल.