मानवी हक्कांचं काम लातूरच्या कोर्टातही असतं

उदगीरहून एका शिक्षक वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी कला शाखेत आहे. तिला कायदा शिकून मानवी हक्कांच्या क्षेत्रात काम करायचं आहे. वडील विचारतात : यात पोट भरतं का? परदेशातल्या एलएलएमशिवाय (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीशिवाय) इथे कुणी विचारत नाही, असं ऐकलंय. त्यापेक्षा तिने सरळ न्यायाधीशाची परीक्षा द्यावी का?

नमस्कार सर,

‘लातूर पॅटर्न’च्या जिल्ह्यात राहून मुलीला नीटच्या क्लासला जुंपलं नाहीत, याबद्दल आधी कौतुक.

मानवी हक्क म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर संयुक्त राष्ट्रांचं जिनिव्हा येतं. कॉलेजांच्या माहितीपत्रकांवरही तेच फोटो असतात. तिथे जागा मोजक्या, आणि त्या मिळतात त्याही बहुधा आधी जमिनीवर काम केलेल्यांना. खरी गरज कुठे आहे ते सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालानुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नाही. त्यातल्या काहींना जामीन मंजूर होऊनही ते आतच असतात. कारण जामीनदार मिळत नाही. ऊसतोडीला आलेल्या माणसाला परक्या तालुक्यात सातबारा किंवा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) घेऊन कोण उभं राहणार? रक्कम पंधरा हजारांची, पण त्याच्यासाठी ती पंधरा लाखांसारखीच.

इथे वकिलाचं काम काय? जामिनाच्या अटी शिथिल करायचा अर्ज करणं, वैयक्तिक जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडा म्हणून मागणी करणं, घरच्यांना फोन लावणं. जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरिबांना मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) सचिवांना कळवावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये सांगितलं आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७९नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचं असतं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकापेक्षा जास्त खटले असलेले वगळून. कायदा छान आहे. पण अमुक कैद्याचा एक तृतीयांश काळ कोणत्या तारखेला भरतो, हे रजिस्टर उघडून बघणारं कुणीतरी लागतं. न्यायव्यवस्था बळकट करणं म्हणतात ते बरंचसं हेच.

ही कामं पगारी आहेत का? काही आहेत. विधी सेवा प्राधिकरणाने २०२२पासून ‘लीगल एड डिफेन्स कौन्सिल’ची पद्धत आणली. तिच्यात पूर्णवेळ वकील मानधनावर घेतात आणि ते गरीब आरोपींचे फौजदारी खटले लढवतात. सहायकाच्या पदावर नवे वकीलही लागतात. नेमणूक कंत्राटी आणि खासगी वकिली बंद, हे मात्र ध्यानात घ्या. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९०पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत समाजकार्यकर्ते पाठवतो. राज्य मानवी हक्क आयोगही आहे, पण आयोगांची मुख्य ताकद चौकशी आणि शिफारशीची. एवढ्या एका आशेवर करिअर बेतू नये, असं माझं मत.

न्यायाधीशाची परीक्षा जरूर द्यावी, पण पदवी हातात पडल्या पडल्या नाही. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे तुमचा रस्ता आणि तिचा रस्ता पहिली तीन वर्षं एकच आहे : सनद (वकिलीचा परवाना) घ्यायची, जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिलाकडे ज्युनिअरशिप करायची. वाद कशाला घालता!

प्रवेशासाठी तिने क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आणि राज्याची पाच वर्षांची विधी सीईटी, दोन्ही द्याव्यात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. फी मात्र वर्षाला लाखांत. शासकीय किंवा अनुदानित कॉलेज त्या मानाने फार स्वस्त, आणि या कामासाठी मला ते कमी वाटत नाही. इंग्रजीची भीती काढा, ती पाच वर्षांत येते. फिर्याद, पंचनामा, जबाब मराठीतच असतात. कागदातली फट ज्याला मराठीत दिसते, तो खालच्या कोर्टात पुढे असतो.

परदेशी एलएलएम नंतर, शिष्यवृत्ती मिळाली तर. एक दाखला तिला वाचायला सांगा. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये सोडलं. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या अध्यापकांनी १९७९मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३मध्ये कायदा बदलला. त्या चौघांची ताकद निकालपत्र बारकाईने वाचण्यात होती.

आता पैशांचं. ज्युनिअरला सुरुवातीला मिळतं ते अनेकदा येण्याजाण्यात आणि चहात संपतं. सनद घेतल्यावर निदान दोन वर्षं खोलीभाडं आणि मेसचे पैसे तुम्ही देऊ शकाल का, ते आत्ताच घरात बसून ठरवा आणि तिला आकडा स्पष्ट सांगा. देता येणार नसतील, तर शिकतानाच तिने विधी सेवा प्राधिकरणात पॅरालीगल स्वयंसेवक (वकील नसलेला कायदा-मदतनीस) म्हणून नाव नोंदवावं. मानधन दिवसाचं आणि थोडंच असतं, पण सचिव, तुरुंग आणि कोर्टातली माणसं ओळखीची होतात. पुढे काम त्यांच्याकडूनच येतं.