सरकारी कामाचा वेग वाढवायला महाराष्ट्रात आजवर काय काय केलं गेलं? आणि तरी फाइल का अडते?

प्रयत्न भरपूर झाले. चुकतं ते बहुतेक वेळा मोजणीत.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणी, कामाची वाटणी आणि अभिलेख (जपून ठेवायचे कागद) यांची घडी नव्याने बसवली. तो ‘लखिना पॅटर्न’. अभिलेखांवर एवढा भर कशाला, असं वाटेल. पण मागचा कागद सापडला नाही तर कारकून टिपणी लिहिणार कशावर? म्हणून कागद किती काळ जपायचा याची वर्गवारी पाळायची: ‘अ’ कायम, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १०, ‘क-१’ ५ आणि ‘ड’ १ वर्ष. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन (दुसरीकडून उत्तर यायचं असलेले), नियतकालिकं (ठरावीक काळाने पाठवायची विवरणं), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे.

पुढे २००५ चा बदल्यांचं विनियमन आणि दप्तरदिरंगाई प्रतिबंधाचा कायदा आला. त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा होता. एका कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर निर्णय ४५ दिवसांत, जायची असेल तर ३ महिन्यांत. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित (सरकारने अधिकृतपणे जाहीर केलेल्या) सेवांना मुदत दिली आणि कसुरीला ५०० ते ५,००० रुपये दंड. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’, म्हणजे प्रलंबित कामं शून्यावर आणायची मोहीम, राबवली.

आता गोम. कार्यविवरण नोंदवहीचा (कारकुनाकडे आलेल्या कागदांची वही) गोषवारा साधा असतो: मागील शिल्लक अधिक आवक, वजा निर्गत (निकाली काढलेले). आकडा खाली आणायचा सोपा मार्ग म्हणजे ‘अहवाल मागवला’ असं पत्र काढून प्रकरण प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात टाकणं. दुसरा मार्ग म्हणजे एक त्रुटी काढून अर्ज परत पाठवणं. तो पूर्ण होऊन आला की नवा आवक क्रमांक, आणि पुन्हा पहिला दिवस! कचेरी शून्यावर, अर्जदार तिथेच.

म्हणून तपासणीला जाणाऱ्याने शिल्लक आकड्यावर थांबू नये. आधी प्रतीक्षाधीन गठ्ठा उघडावा आणि शेवटचं स्मरणपत्र कधी गेलं ते पाहावं. प्रकरणाचं वय पहिल्या आवक तारखेपासून मोजावं. सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवल्या का, तेही बघावं.

तुमचं काम अडलं असेल तर सेवा अधिसूचित आहे का ते ‘आपले सरकार’ पोर्टलवर बघा. अर्ज क्रमांक आणि मुदतीची तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.